डबा हातात खरा, फोटोत खेळणं: असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: १९५५ ते १९६५ या दशकातली मध्य रेल्वेची एक मालगाडी आणि एक पॅसेंजर एचओ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, घरी बनवायला घेतली आहे. सहा-सात वाघिणी आणि दोन डबे तयार आहेत. हातात घेतले की छान वाटतात, फोटो काढला की खेळणं दिसतं. कॅमेरा बदलावा का? आणि त्या काळचा नेमका रंग कुठला?

कॅमेरा बदलू नका. हातातली वाघीण आपण वरून, दोन फुटांवरून, दोन डोळ्यांनी आणि भरपूर कौतुकाने पाहतो. फोटोत तीच वाघीण एका डोळ्याने, वीतभर अंतरावरून दिसते आणि पडद्यावर मूळ आकाराच्या चौपट होऊन समोर येते. तिथे कौतुक चालत नाही. मलाही हे कळायला बरीच वर्षं लागली. आता माझी पद्धत उलटी झाली आहे. डबा पूर्ण झाल्यावर फोटो काढायचा असतो हे मी सोडून दिलं. डबा बनतानाच चारदा फोटो काढतो, आणि पुढचं काम त्या फोटोत दिसेल त्याप्रमाणे ठरवतो. खालचं उत्तर त्याच अंगाने लिहिलं आहे.

पण आधी तुमच्या ‘दशका’बद्दल. दहा वर्षं हा फार लांब पल्ला झाला. मध्य रेल्वे तयार झाली ५ नोव्हेंबर १९५१ला, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला), निजाम स्टेट, सिंदिया आणि धोलपूर या रेल्वे एकत्र करून. म्हणजे १९५५च्या गाडीत चार घरांतून आलेले, वेगवेगळ्या वळणाचे डबे असणार, आणि ते सगळे एका दिवसात रंगवून झालेले नसणार. पेरांबूरचा डब्यांचा कारखाना, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरी किंवा आयसीएफ, २ ऑक्टोबर १९५५ला सुरू झाला. तिथले स्विस धर्तीचे, पूर्ण पोलादी, गुळगुळीत अंगाचे आयसीएफ डबे पुढच्या वर्षांत हळूहळू गाड्यांमध्ये मिसळत गेले. डेक्कन क्वीनलासुद्धा ते १९६६मध्ये मिळाले. तोवर तिचे मूळचे डबे होते, सांगाडे विलायतेतून आणलेले आणि वरची बांधणी माटुंगा वर्कशॉपची. मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत गेला. म्हणजे वाघिणीवर वजन जुन्या इंग्रजी हंड्रेडवेटमध्ये लिहिलंय की किलो-टनांत, एवढ्यावरून जाणकार माणूस वर्ष ओळखतो. डब्यावरचे तिसऱ्या वर्गाचे रोमन आकडे मात्र तुमच्या सगळ्या दशकात निर्धास्त चालतील, कारण तिसरा वर्ग गेला तो १९७४मध्ये.

तेव्हा एक वर्ष ठरवा. मी १९६२ सुचवीन. लाकडी अंगाचे जुने डबे अजून धावत आहेत, नवे आयसीएफ आले आहेत, वाफेची इंजिनं भरात आहेत. एकाच गाडीत दोन पिढ्यांचे डबे शेजारी लावता येतात आणि कुणी बोट ठेवू शकत नाही.

ठिकाणही ठरवा, नाहीतर एक नेहमीची फजिती होते. मुंबई-पुणे आणि मुंबई-इगतपुरी हे दोन्ही मार्ग १९३०पर्यंत १५०० व्होल्ट डीसीच्या तारांखाली आले होते. मी स्वतः हौसेने घाटाचं दृश्य बांधलं, त्यात वाफेच्या डब्ल्यूपी इंजिनाला डेक्कन क्वीनचे डबे जोडले, आणि वर तारही नाही! ज्याला दाखवलं तो पहिल्या मिनिटाला हसला. डेक्कन क्वीन १ जून १९३०ला सुरू झाली तीच विजेवर. वाफ हवी असेल तर इगतपुरीच्या पुढे किंवा पुण्याच्या पुढे जा. माझा जीव मनमाडवर आहे. १९६२मध्ये तिथे ब्रॉडगेजला वाफ होती, दौंडकडे जाणारा फाटा होता आणि सिकंदराबादकडे जाणारं मीटरगेज होतं, जे १९६६मध्ये दक्षिण मध्य रेल्वे होईपर्यंत मध्य रेल्वेकडेच होतं. फोटोच्या दृष्टीने याचा फायदा असा की ब्रॉडगेजच्या वाघिणीशेजारी मीटरगेजची वाघीण उभी केली की मोठी वाघीण आपोआप भारदस्त दिसते. एचओमध्ये मीटरगेज साडेअकरा मिलिमीटर येतं आणि १२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात.

ब्रॉडगेजचं दुखणं याच्या उलट आहे. १६७६ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे १९.३ मिलिमीटर, आणि आपण सगळे चालवतो १६.५च्या रुळांवर, जे मुळात युरोपच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहेत. जवळजवळ तीन मिलिमीटर कमी! आयसीएफचा डबा ३२४५ मिलिमीटर रुंद, एचओमध्ये ३७.३. तो या अरुंद रुळावर बसवला की बारीक पायांवर ढेरपोट्या माणूस उभा राहिल्यासारखा दिसतो. यावर तीन उपाय आहेत. एक, रूळ स्वतः घालायचे आणि चाकं रुंद करून घ्यायची. मी एका दीड मीटरच्या फोटोपुरत्या तुकड्यावर ते केलंय, घरच्या संपूर्ण रेल्वेमांडणीवर करायची माझी छाती नाही. दोन, प्रमाणच १:१०० घ्यायचं. मग गेज १६.७६ येतं, म्हणजे तयार रूळ जवळपास बरोबर बसतात, पण तयार एचओ माणसं, सिग्नल, इमारती सगळं मोठं पडतं. तीन, आहे ते ठेवायचं आणि समोरून फोटो काढायचा नाही. तुमच्या सात वाघिणी झाल्या आहेत, तेव्हा तुम्हाला तिसराच उपाय. फक्त एक करा: बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या, बाजूच्या फ्रेम आणि वाघिणीचे अॅक्सलगार्ड (चाकाचा आस धरणाऱ्या पट्ट्या) चाकांना चिकटवून आत ओढू नका. ते खऱ्या जागी, बाहेरच ठेवा. चाक आणि फ्रेम यांच्यात थोडी फट राहते, ती बाजूने घेतलेल्या फोटोत दिसत नाही. फ्रेम आत गेली तर मात्र अख्खा डबा पोकळ दिसतो.

आता डब्याच्या पोटाखाली येऊ. खेळणं दिसण्याचं निम्मं कारण तिथे असतं.

ओळखीतले एक निवृत्त टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारे ट्रेन एक्झामिनर, एकदा घरी आले होते. उभी हयात यार्डात हातोडी घेऊन चाकं ठोकण्यात गेलेला माणूस. माझ्या चार चाकी बंद वाघिणीचा मला फार अभिमान होता, पत्र्यावरचे रिव्हेटसुद्धा एकेक बसवले होते. त्यांनी रिव्हेटांकडे पाहिलंच नाही. टेबलाला हनुवटी टेकवून खाली बघितलं आणि म्हणाले, “व्हॅक्यूमचा पाइप कुठाय? हॅण्डब्रेकचा दांडा कुठाय? आणि हा बफर त्या बफरापेक्षा खाली. ही सिक आहे, नादुरुस्त, मी गाडीला लावू देणार नाही.” मी जरा खट्टू झालो. मग त्याच उंचीवरून फोटो काढून पाहिला, आणि तिन्ही गोष्टी पडद्यावर डोळ्यात खुपल्या. तेव्हापासून पहिला फोटो मी नुसत्या अंडरफ्रेमचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा काढतो, वरचं खोकं बसवायच्या आधी.

बफर म्हणजे डब्याच्या टोकाचे धक्का झेलणारे दट्टे. त्यांची उंची हा सोपा आणि सगळ्यात जास्त चुकणारा हिशेब. ब्रॉडगेजला रुळाच्या माथ्यापासून बफरच्या मध्यापर्यंत रिकाम्या गाडीची जास्तीत जास्त उंची ११०५ मिलिमीटर आणि भरलेल्या गाडीची कमीत कमी १०३०. एचओमध्ये हे १२.७ आणि ११.८ होतं. पितळी पट्टीचा एक तुकडा कापून त्यावर या दोन खुणा करा, तोच तुमचा गेज. भरलेली वाघीण रिकाम्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली बसवा. कुणी विचारलं तर सांगता येणार नाही असा तो फरक आहे, पण कोळशाने भरलेल्या वाघिणींच्या ओळीत एक रिकामी वाघीण वर उचललेली दिसली की फोटोला वजन येतं. युरोपीय वाघिणीची तयार चासी वापरली असेल तर बफर एकमेकांच्या फार जवळ असतील. ते कापून बाहेर सरकवा. ब्रॉडगेजच्या गाडीचा चेहराच त्या दूर बसलेल्या बफरांनी बनतो.

त्या काळातल्या वाघिणीच्या पोटात काय काय हवं? व्हॅक्यूम ब्रेकचा सिलिंडर, ब्रेकचे दांडे आणि त्यांच्या कड्या, बाजूला हॅण्डब्रेकचा लिव्हर, हेडस्टॉकवर (टोकाच्या आडव्या तुळईवर) वाकडी मान केलेला व्हॅक्यूमचा पाइप आणि त्याला लोंबणारी रबरी नळी. हवेच्या ब्रेकचे सिलिंडर आणि बॉक्सएन वाघिणी १९८०च्या दशकातल्या. त्या तयार किटमधून उचलून इथे लावल्यात तर वीस वर्षांची उडी होईल. जुन्या लाकडी डब्याखाली बॅटरीची खोकी आणि अॅक्सलवर चामडी किंवा कॅनव्हासचा पट्टा घालून फिरवलेला डायनामो असतो. हा पट्टा काळ्या कागदाच्या बारीक फितीचा करा. खाली वाकून घेतलेल्या फोटोत पट्टा दिसला की डबा ‘चालता’ वाटतो. छपरावर ओळीने टॉर्पेडो व्हेंटिलेटर. ते एका सरळ रेषेत नसले तर वरून कळत नाही, उन्हात सावल्या पडल्या की लगेच कळतं.

चाकं काळी आणि चकचकीत असतील तर बाकी सगळं केलेलं वाया जातं. आयसीएफचं नवं चाक ९१५ मिलिमीटर, म्हणजे साडेदहा मिलिमीटरची तयार चाकं चालतात. चाकाची बाजू मळक्या तपकिरी रंगाने रंगवा, फक्त रुळावर टेकणारा पट्टा चमकता ठेवा. साध्या बेअरिंगच्या जुन्या वाघिणीचा अॅक्सलबॉक्स तेल गाळतो, त्यामुळे बॉक्सचा तळ आणि आजूबाजूचा भाग काळपट ओला दिसतो. रोलर बेअरिंगच्या आयसीएफ डब्याला हे डाग नकोत. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिलिमीटरच्या दरम्यान आहे ना हेही तेव्हाच तपासून घ्या, नाहीतर सांध्यावर गाडी उतरेल आणि तुम्ही फोटो सोडून रूळ दुरुस्त करत बसाल.

वजनाचं एक वाक्यात: अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेचा ठोकताळा म्हणजे २८ ग्रॅम अधिक लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. २४५ मिलिमीटरच्या आयसीएफ डब्याला त्यामुळे १६५ ग्रॅमच्या आसपास येतं. शिशाचे छर्रे घालणार असाल तर ते पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाने चिकटवू नका. माझ्या एका टँक वाघिणीचा तळ दोन वर्षांनी फुगून उकलला. गोंदातलं आम्ल शिसं आतल्या आत खातं आणि त्याची भुकटी फुलते. तेव्हापासून पोलादी नट नाहीतर इपॉक्सी.

जाडी. इथे जरा रेंगाळतो. प्लास्टिकची पाऊण मिलिमीटरची शीट हातात पातळ वाटते. ८७ने गुणा: ६५ मिलिमीटर. खऱ्या उघड्या वाघिणीचा पत्रा असतो काही मिलिमीटरचा. म्हणजे तुमची कोळशाची वाघीण किल्ल्याच्या तटबंदीएवढ्या भिंतींची झाली. सगळी भिंत पातळ केली तर ती लाटेसारखी वाकते, म्हणून फक्त कड फसवायची. वाघिणीच्या वरच्या दोन मिलिमीटरला आतल्या बाजूने बारीक कानस तिरकी धरून घासत जा, कड ०.२पर्यंत येईल. बाहेरून हात लावू नका. मग आतून पॉलिश पेपरच्या घडीने तो उतार पुसून टाका. माल भरला की आतला जाड भाग झाकलाच जातो. डब्याच्या खिडक्यांनाही हेच: आतल्या बाजूने चौकटीची कड तासली की काचेमागची जाडी गायब होते. दांडे आणि हँडरेल ०.३ मिलिमीटरच्या पितळी तारेचे, म्हणजे खऱ्यात २६ मिलिमीटर. ओतीव प्लास्टिकचे दांडे कापून काढायला मन होत नाही, मला ठाऊक आहे. काढा. थ्रीडी छपाईचे भाग वापरत असाल तर ०.०५ मिलिमीटरचा थरसुद्धा चार मिलिमीटरची पायरी असतो, आणि छपराच्या उतारावर तिरक्या प्रकाशात तो नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखा उमटतो. छप्पर तरी शीटचं करा.

आता दुसरा फोटो, आणि माझ्या मते चारांतला सगळ्यात मोलाचा. वाघीण पूर्ण जोडून झाली की तिच्यावर एकच मॅट राखाडी प्राइमर मारा आणि रंगवायच्या आधी तिचा बाजूने फोटो काढा. ही माझी अक्कल नाही. जुने इंजिन कारखाने नवं इंजिन बाहेर काढण्याआधी त्याला फोटोसाठी राखाडी रंग देत असत, कारण गडद चकचकीत रंगात बारकावे बुडतात आणि राखाडीत प्रत्येक कड, प्रत्येक रिव्हेट वेगळा दिसतो. त्याच कारणाने राखाडीत तुमची प्रत्येक चूकही दिसते: गोंदाचा वळ, न भरलेली फट, तिरकं बिजागर. मी हा फोटो मोठा करून वहीएवढ्या कागदावर छापतो, लाल पेनने चुकांवर गोल करतो आणि एक दिवस तसाच भिंतीवर ठेवतो. साधारण दहा-बारा गोल निघतात. रंग चढल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे सगळं खरवडणं आलं, राखाडीत ती दहा मिनिटांची असते.

रंगाचा प्रश्न तुम्ही ज्या फोटोंवरून सोडवायला बघताय त्याबद्दल सावध करतो. कृष्णधवल फोटो पाहून ‘हा डबा काळा आहे’ म्हणणं धोक्याचं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला आणि फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नाही. त्यामुळे मरून डबा काळा येतो, गेरूच्या रंगाची वाघीण काळपट येते आणि निळं आकाश पांढरं फटक. पुढची पँक्रोमॅटिक फिल्म लालही टिपते, तिथे तोच डबा मधल्या करड्यात येतो. म्हणजे एकाच डब्याचे दोन काळातले दोन फोटो समोर ठेवले तर दोन वेगळे रंग आहेत असंच वाटेल. फोटोत सिग्नलचा लाल हात दिसतोय का बघा. तो काळा आला असेल तर फिल्म लाल न दिसणारी आहे आणि मग त्या फोटोवरून लालसर रंगांबद्दल काहीही अनुमान काढू नका.

मी रंग मुद्दाम थोडा फिका करतो. डबीतला मरून जशाच्या तसा मारला की छोट्या डब्यावर तो डोक्यावर बसतो. खरा डबा आपण वीस-पंचवीस मीटरवरून, मधल्या हवेतून पाहिलेला असतो. मरूनमध्ये दहा-पंधरा टक्के मळकट पिवळसर पांढरा घाला. काळा रंग तर बाटलीतून थेट कधीच नाही, गडद राखाडीत थोडा तपकिरी घाला, तोच काळा. वाघिणींचा गेरू सगळ्यांना एकसारखा देऊ नका. तीन वाट्यांत तीन छटा करा, एक ताजी, एक उडालेली, एक जांभळट, आणि वाघिणी त्यांत वाटून टाका. एका दिवशी एकाच रंगात न्हालेली मालगाडी कुणी पाहिली आहे का?

अक्षरांसाठी आधी चमकदार वार्निश, मग पाण्यात भिजवून चिकटवायचे डिकॅल (छापील अक्षरांचे पातळ पापुद्रे), मग मॅट वार्निश. हा क्रम मोडला की डिकॅलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कागदाची चंदेरी चौकट दिसते. डोळ्याला ती ‘किंचित’ वाटते, प्रकाश तिरका पडला की आरशासारखी चमकते. घरच्या प्रिंटरवर पांढरी अक्षरं छापता येत नाहीत, तर पांढऱ्या डिकॅल कागदावर वाघिणीच्या रंगाची पट्टी छापा आणि अक्षरं कोरी सोडा. कडेची छटा जुळवायला त्रास होतो, वर धुळीचा थर देऊन ती मिटवता येते. संगणकातला तयार फाँट टाळा. खरी अक्षरं स्टेन्सिलने किंवा पेंटरच्या हाताने लिहिलेली, थोडी जाडबारीक असतात. एक चांगला फोटो घेऊन अक्षरांवरून रेषा गिरवून घ्या. तिसरा फोटो इथे, फक्त अक्षरं सरळ आहेत का हे पाहायला. फोटोवर आडवी रेघ ओढली की लगेच कळतं.

मळवण्याबद्दल थोडक्यात. छपरावर इंजिनाची काजळी, खालच्या अर्ध्या अंगावर ब्रेकच्या लोखंडाची तांबूस धूळ, दाराच्या कडीभोवती हात लागून उघडा पडलेला पत्रा. कोळशाच्या वाघिणीला आतून जास्त मळवा, बाहेरून कमी. खडूच्या खुणा विसरू नका. यार्डातला माणूस वाघिणीवर खडूने काहीतरी खरडायचाच. पांढरी रंगीत पेन्सिल टोकदार करून एक आकडा, एक फुली, बस्स. गंज मात्र आवरा, धावत्या गाडीची वाघीण भंगारातली दिसायला नको.

चौथा फोटो खरा फोटो.

उंचीपासून सुरुवात करा. फलाटाखाली उभ्या असलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १६०० मिलिमीटरवर, म्हणजे एचओमध्ये १८. लेन्सचा मध्य रुळापासून १८ मिलिमीटरवर आणायचा आहे. मोठा कॅमेरा तिथे मावत नाही, फोन मावतो, पण फोनची लेन्स वरच्या टोकाला असते. फोन उलटा धरा, लेन्स थेट रुळाशी येते. फोटो नंतर सरळ करता येतो. एवढ्या एका गोष्टीने तुमचे आत्ताचे डबे बदललेले दिसतील.

मग अंतर. खरा छायाचित्रकार वीस मीटरवर उभा राहायचा, ते आपल्याकडे २३ सेंटिमीटर. पस्तीस मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा आणि पन्नासची लेन्स घेतली तर वीस मीटरवरून चौकटीत साडेचौदा मीटर रुंदी मावते. आयसीएफचा डबा आहे एकवीस मीटरहून लांब. म्हणून जुन्या फोटोंत डबे तिरके, कोपऱ्यातून घेतलेले असतात, त्यांना दुसरा इलाजच नसायचा. आपण मात्र डबा समोर आडवा ठेवून अगदी जवळून रुंद लेन्सने काढतो, आणि दोन्ही टोकं मागे पळालेली दिसतात. फोनची मुख्य लेन्स रुंदच असते, तेव्हा दुप्पट झूमवर जा आणि मागे सरका. पूर्ण डबा बाजूने हवाच असेल तर ३५ सेंटिमीटरपेक्षा जवळ येऊ नका.

खेळण्याची सगळ्यात मोठी चुगली करतो तो धूसरपणा. खऱ्या गाडीचा वीस मीटरवरून फोटो काढला की जवळच्या सिग्नलपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट असतं. २३ सेंटिमीटरवर कॅमेऱ्याचा फोकस जेमतेम एका दारापुरता पुरतो आणि पुढचा बफर पुसट होतो. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बारीक करून थोडं भागतं, पण एफ १६च्या पुढे चित्रच मऊ पडायला लागतं. मी एफ ११वर थांबतो आणि कॅमेरा न हलवता फोकस पुढून मागे सरकवत दहा-पंधरा फोटो घेऊन ते संगणकावर एकत्र करतो. फोनचा सेन्सर छोटा असल्याने त्याला हे कमी लागतं, तीन-चार फोटोंत काम होतं. पोर्ट्रेट मोड मात्र चुकूनही लावू नका.

सूर्य एकच असतो. खोलीत दोन ट्यूब असतील तर डब्याला दोन सावल्या पडतात आणि तिथेच सोंग उघडं पडतं. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र आले तर डब्याची एक बाजू निळी, एक पिवळी होते. सगळे दिवे बंद करा, एकच दिवा दीड मीटर लांब ठेवा. किंवा माझ्यासारखं करा: ६० सेंटिमीटर लांबीचा फोटोपुरता रुळाचा तुकडा बनवा आणि सकाळी साडेआठ-नऊच्या उन्हात गॅलरीत न्या. ऊन फुकट आहे आणि त्याची सावली अस्सल आहे. उन्हात डब्याचं पोट काळंकुट्ट होतं. एवढ्या कष्टाने केलेला डायनामोचा पट्टा दिसावा म्हणून चौकटीच्या बाहेर, रुळाच्या अलीकडे पांढरा कागद आडवा ठेवा. तो उजेड खालून वर टाकतो. मागे मॅट, फिकट करडा-निळा कागद अर्ध्या मीटरवर, म्हणजे डब्याची सावली आकाशावर पडणार नाही. हसू नका, माझ्या पहिल्या दोनशे फोटोंत ती पडली आहे.

फोटो काढण्यापूर्वी मऊ ब्रशने धूळ झाडा. ०.२ मिलिमीटरचा कण म्हणजे छपरावर पडलेला १७ मिलिमीटरचा दगड. कपलिंगही बघा. तुमच्या वर्षी बहुतेक वाघिणींना स्क्रू कपलिंग आणि बाजूचे बफर होते. धावण्यासाठीची मोठी प्लास्टिक कपलिंगं टोकांना राहू द्या, पण फोटोतल्या तीन-चार वाघिणी आपसांत साखळीच्या स्क्रू कपलिंगने जोडून बफर जवळजवळ टेकवा. दोन वाघिणींमधली रुंद फट हीही एक चुगलीच.

कृष्णधवल करायचा मोह झाला तर संगणकावर नुसता निळा चॅनल घ्या, मरून काळा पडेल आणि आकाश पांढरं, अगदी जुन्या प्लेटसारखं. पण १९६२च्या गाडीला ते फार जुनं दिसेल, तोवर पँक्रोमॅटिक फिल्म सर्रास झाली होती. साधं करडं रूपांतर पुरे. संगणकाने खोटा धूर घालू नका, तो कधीच इंजिनाच्या चालीशी जुळत नाही.

तयार झालेल्या सात वाघिणींचं आता असं करा: रंग खरवडू नका. बफर गेजने मोजा, चाकं रंगवा, उघड्या वाघिणींच्या कडा आतून तासा, व्हॅक्यूमचे पाइप लावा, आणि गार्डचा डबा मागे जोडून त्याला टेल लॅम्प द्या. दोन रविवारांचं काम आहे. आठवी वाघीण मात्र राखाडीत असताना थांबवा, आणि रंगवायच्या आधी तिचा फोटो मला पाठवा.